झाकलेली चौकट

माझा मामा जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारत आला. "हे बरं दिसतंय, की ते?"

चष्म्याच्या दुकानात त्याची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली. गिऱ्हाईक त्या उंच खुर्चीत बसलं की मामा त्याच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवणार, एक काच घालणार, ती काढून दुसरी घालणार आणि विचारणार, हे बरं की ते? लोक वैतागायचे. दोन्ही सारखंच दिसतंय हो, म्हणायचे. मामा म्हणायचा, "सारखं कधीच नसतं. परत बघा." आणि समोरचा खरं बोलेपर्यंत त्याला खुर्चीतून उठू द्यायचा नाही. बाजारात पाठवलं तरी तीच तऱ्हा. दोन हातांत दोन टोमॅटो घेऊन भाजीवाल्यासमोर असा काही उभा राहायचा, जणू एकाला फाशी द्यायची आहे आणि एकाला सोडायचंय. आई म्हणायची, "दादा, तुझी वाट बघत बसण्यापेक्षा मी कुंडीत टोमॅटो लावलेले बरे."

आई म्हणजे त्याची धाकटी बहीण. साठी ओलांडली तिनं, पण मामा अजून तिला चिमी म्हणतो. मला हवालदार म्हणतो. मी शाळेची गाडी चालवते. वीस पोरांना एका आवाजात गप्प बसवायचं म्हणजे घसा मोठाच लागतो, त्याला मी काय करू? मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून मामा आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. सकाळचा चहा खाली, दोन्ही वेळचं जेवण खाली, भांडण असलं तर तेही खालीच.

आता एक गोष्ट सांगते. ती आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नव्हतं. मामा आमचा नाही. म्हणजे आमचाच आहे, कोण नाही म्हणतंय, बोलून तर बघा माझ्यासमोर! पण जन्माचा नाही. आजी-आजोबांना मूल होईना, तेव्हा त्यांनी दोन वर्षांच्या मामाला बालगृहातून दत्तक आणला. पुढं ध्यानीमनी नसताना आई झाली. आजोबांनी कधी लपवाछपवी केली नाही. मामा दुकानात कामाला लागला त्या वर्षी त्यांनी कोर्टाचा कागद त्याच्या हातात ठेवला. त्यात जन्माचं नाव, जन्मतारीख, जन्मदात्या आईबापांची नावं. बाप वारला, आई त्याच्या पाठोपाठ गेली. आणि खाली एक ओळ: थोरली बहीण एक, वय नऊ, काकांकडे राहते.

मामानं कागद वाचला, घडी घातली, "बरं" म्हणाला आणि कामावर गेला. आजी जिवंत आहे तोवर बहिणीला शोधायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. आजीला वाटायला नको की आपण कुठं कमी पडलो. आजी नव्वदी पार करून गेली. मामाला तेव्हा अडुसष्टावं लागलं होतं.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मामा एका सकाळी चहाला खाली आला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "हवालदार, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर माणसं सापडतात म्हणे."

"कोण हरवलंय?"

"बहीण."

आई ओट्याशी होती. तिनं पातेलं असं आदळलं की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. "मी काय इथं भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी आहे? मी कोण मग?"

"तू चिमी."

"मग झालं तर!"

"चिमे, ऐक," मामा म्हणाला. "मी जन्मभर दादा आहे. तुझा दादा, गल्लीचा दादा, दुकानातल्या पोरांचा दादा. मला एकदा कुणाचा तरी धाकटा होऊन बघायचंय. माझ्याहून मोठं, माझ्या रक्ताचं कुणी असेल, तर त्याच्यासमोर जाऊन नुसतं उभं राहायचंय. बाकी मला काही नको."

आईनं रागारागानं त्याच्या बशीत आणखी चहा ओतला, त्यानं न मागता.

तर आम्ही लागलो शोधायला. पोरांना शाळेत सोडून आले की मी मोकळी असायची, आणि मामा तर मोकळाच. मला वाटलं होतं, नाव टाकायचं, बटण दाबायचं, बहीण हजर. कसलं काय! बालगृह कधीच बंद पडलेलं. त्याचे कागद कुठल्या खात्याकडे गेले हे त्या खात्यालाच माहीत नव्हतं. काकांची गल्ली सापडली, पण तिथं आता गाड्या उभ्या करायचं सहा मजली आवार. जन्माच्या नोंदींत बहिणीची नोंद मात्र मिळाली. तिचं नाव कळलं, आणि आईबाप, वय, सगळं कोर्टाच्या कागदाशी जुळलं. मामानं दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन वेळा बघितले.

आणि तिथंच गाडं अडलं. कारण बाईमाणूस लग्न करतं आणि कागदावरून गायब होतं. मला असा संताप आला! बाप्ये आपले पाळण्यापासून तिरडीपर्यंत एकाच नावानं मिरवतात, आणि बाईचं आडनाव बदललं की माग संपला. कुणाशी लग्न केलं ते कळल्याशिवाय नवं नाव कळणार नाही, आणि नवं नाव कळल्याशिवाय कुणाशी केलं ते कळणार नाही. मी खिडकीतल्या कारकुनाला हे ऐकवलं तर तो म्हणाला, "मॅडम, मी केलेला नाही हा नियम." त्या बिचाऱ्याला उगाच बोलले, पण बोलल्यावर बरं वाटलं.

मग आम्ही त्या वंशावळीच्या साइटवर गेलो. तिथं लोक आपापल्या घराण्याची झाडं मांडतात. एकेक माणूस म्हणजे एकेक चौकट, आणि चौकटी रेघांनी जोडलेल्या. नाव शोधलं की जगात कुणाच्याही झाडावर ते असेल तर समोर येतं. पण एक नियम आहे. जिवंत माणसांची नावं परक्याला दिसत नाहीत; फसवणारे फार झालेत म्हणून. जिवंताच्या जागी नुसती राखाडी चौकट येते आणि आत लिहिलेलं असतं, हयात व्यक्ती. कुणीतरी मृत्यूचं साल किंवा तारीख भरली की चौकट उघडते आणि मग नाव-गाव सगळ्यांना दिसतं.

"म्हणजे इथं नाव व्हायला मरावं लागतं," मामा म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ भेटले. आम्ही त्यांचं नाव झाडवाले काका ठेवलं. त्यांच्या झाडावर हजारो माणसं होती आणि मामाच्या जन्मदात्या बापाच्या नावाचा एक माणूसही होता. त्यांनी लगेच फोन केला, मामाला "बंधो!" म्हणाले, आपण दोघं एका सरदाराचे वंशज आहोत असं सांगितलं आणि झाडात त्याला जोडूनही टाकलं. मला आनंद झाला. मामानं चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाला, "हवालदार, या बाईंना मुलगा कधी झाला ते बघ."

मी बघितलं. बाईंच्या स्वतःच्या जन्माआधी दोन वर्षं झाला होता.

मी कपाळाला हात लावला. काकांना कळवलं, तर म्हणाले, एवढ्या मोठ्या झाडात पानं इकडं तिकडं व्हायचीच! त्यांनी दुसऱ्या कुणाच्या झाडावरून उतरवून घेतलं होतं, त्यानं तिसऱ्याच्या. मामा म्हणाला, "गर्दी करायची असती तर मी बाजारात गेलो असतो. मला एकच माणूस हवंय, पण खरं हवंय." सरदाराच्या वंशातून त्यानं स्वतःच आपलं नाव काढायला लावलं.

असे महिने गेले. आईचं फुरंगटणं चालूच. आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो की तिला नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असायचं. "सापडल्या का राणीसरकार?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत निघून जायची. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी ती असंच विचारायला आली होती.

बापाच्या नावाची माणसं शेकड्यानं निघायची, बहिणीच्या नावाचं एकही नाही. मामानं त्या दिवशी नुसतंच, कंटाळून, स्वतःचं जन्माचं नाव टाकलं. एक झाड आलं. लहानसं, बारा-पंधरा चौकटींचं. बापाचं नाव बरोबर. आईचं माहेरचं नाव बरोबर. आजोबांचं नाव, जे फक्त जन्माच्या नोंदीत होतं, तेही बरोबर. त्यांच्याखाली दोन मुलं. एक मुलगा: मामाचं जन्माचं नाव, मामाची जन्मतारीख. आणि त्यापुढं, मृत्यू, मामा दोन वर्षांचा होता ते साल.

"अगं," मामा म्हणाला, "मी मेलोय की!"

आणि असा हसत सुटला की ठसका लागला. आई धावत आली, पाठीवर थापट्या मारायला लागली. "काय रे दादा, काय झालं?" तर हा म्हणतो, "चिमे, तू जन्मायच्या आधीच मी गेलो. तू मला उगाच इतकी वर्षं जेवू घातलंस."

मी मात्र शेजारच्या चौकटीकडे बघत होते. राखाडी. हयात व्यक्ती. थोरली मुलगी.

मी टाळी वाजवली. "मामा, मेलेल्यांची नावं उघडी असतात. हिचं झाकलेलं आहे. म्हणजे ती जिवंत आहे!"

मामाचं हसणं थांबलं. त्यानं स्क्रीनवरच्या त्या राखाडी चौकटीवर बोट ठेवलं, काच पुसतो तसं अलगद फिरवलं. मग वर निघून गेला. दुपारी जेवायला खाली आला तेव्हा दाढी केलेली होती आणि नवा शर्ट घातलेला होता. कुणी बोलावलं नव्हतं अजून, पण तयारी सुरू झाली होती.

झाड मांडणाऱ्याला आम्ही निरोप पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं. ते बहिणीच्या यजमानांचं होतं. अगदी कोरडं. 'असे निरोप पूर्वीही आले आहेत. एकानं पैसेही उकळले. पुरावा असल्यास पाठवा.' मला राग आला, मामाला माणूस आवडला. "बरोबर आहे त्याचं. परत बघा म्हणणारा माणूस आहे." त्यानं कोर्टाचा कागद, जन्माची नोंद, सगळ्याच्या प्रती पाठवल्या आणि शेवटी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना?

उत्तर आलं: 'सगळं जुळतं. तुम्ही या. आल्यावर बोलू.' खाली पत्ता.

मी आणि मामा जाणार असं ठरलं. आई म्हणाली, "मला काय करायचंय तिकडं येऊन? मी कोण?" रविवारी सकाळी मी गाडी काढली तर ही बाई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या सीटवर बसलेली. "रस्ता मला जास्त कळतो," म्हणाली. त्या शहरात ती जन्मात गेलेली नव्हती.

चार तासांच्या रस्त्यात मामा मागच्या बाकावर, शाळेच्या पोरांच्या जागी, पाय अवघडून बसला होता. मध्येच विचारायचा, "पहिल्यांदा भेटल्यावर वाकून नमस्कार करू ना? मोठी आहे." आई म्हणायची, "कर. कंबर धरली तर तुझी तू बघ." एकदा मात्र ती पुढं रस्त्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "दादा, ती सापडली म्हणजे तू तिकडंच नाही ना राहणार?" मामा म्हणाला, "वेडी आहेस का गं तू?" पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार एका उंच, वाळक्या गृहस्थांनी उघडलं. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, असं त्यांनी बसता बसता सांगितलं. लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला. मामाकडे ते सारखे बघत होते. नाकाकडे, कपाळाकडे, कानांकडे. मग "चहा टाकतो" म्हणून एकदम आत गेले.

खोली नीटनेटकी होती. खिडकीशी एक आरामखुर्ची, तिच्या बाजूच्या टेबलावर एक पुस्तक, पुस्तकावर बायकांचा चष्मा. मामाचा हात सवयीनं तिकडं गेला. त्यानं चष्मा उचलला आणि उजेडाकडे धरला. मला वाटलं नंबर बघतोय. मग त्यानं काचेवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघितलं.

"काय गं मामा?" मी विचारलं. गडबडीत मी त्याला 'गं' म्हणाले.

"रोज नाकावर चढणाऱ्या चष्म्याला बोटांचे डाग असतात," तो म्हणाला. "यावर धूळ आहे."

तेवढ्यात ते गृहस्थ ट्रे घेऊन आले. मामाच्या हातातला चष्मा बघितला आणि दारातच थांबले.

"कधी?" मामानं विचारलं.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "झोपेतच गेली."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलेच. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? विचारलं होतं ना त्यानं, बऱ्या आहेत ना म्हणून! नवा शर्ट घालून आलाय तो! आणि त्या झाडावर हयात कशाला लिहून ठेवलंत?"

आईनं माझा दंड धरला. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"लिहून ठेवलं नाही," ते म्हणाले. "तारीख भरली नाही, एवढंच. ती होती तेव्हापासून तसंच आहे. मी किती वेळा बसलो. दिवस भरतो, महिना भरतो, साल भरायला हात जात नाही. ते भरलं की नाव उघडं पडतं, आणि मग कुणीही अनोळखी माणूस वाचणार की ती गेली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतला एक चुकीचा काना मी कधी सोडला नाही, आणि घरातली ही चूक मुद्दाम ठेवलीय. तुम्हाला पत्रात लिहायला घेतलं, ते पण जमलं नाही. माफ करा."

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण तो जाता जाता मी आणखी एक विचारून घेतलंच. "आणि मामाला का मारलंत? तो तर धडधाकट आहे."

"मी नाही मारलं," ते म्हणाले. "तिनं."

मामा आरामखुर्चीच्या काठावर बसला.

"काकांनी तिला सांगितलं होतं की भाऊ बालगृहात तापानं गेला," ते सांगू लागले. "ती नऊ वर्षांची. रोज रडायची, मला त्याच्याकडे न्या म्हणून. तिनं गप्प बसावं म्हणून सांगितलं असणार. पण मोठी झाल्यावर ती मृत्यूचा दाखला शोधायला गेली, तर मिळेना. त्या गावच्या नोंदी तिनं स्वतः बघितल्या, आधीचं साल, नंतरचं साल. मी म्हणायचो, अगं, जुनं दप्तर, गहाळ झालं असेल. ती म्हणायची, जन्माची नोंद आहे आणि मरणाची नाही, म्हणजे तो मेलेला नाही. तेवढ्यावर जगली ती."

"मग मेला असं का लिहिलं?" आईनं विचारलं.

"पहिल्यांदा हयातच ठेवलं होतं. दोन वर्षं वाट बघितली, कुणाचा निरोप नाही. मग एके दिवशी या खुर्चीत बसून स्वतःच्याच डोक्यात मारून घेतलं. म्हणाली, अहो, मी किती वेडी! हयात ठेवला म्हणून तो झाकलेला आहे. त्यानं स्वतःचं नाव शोधलं तर त्याला दिसणार कसं? आणि मृत्यूचं साल भरून टाकलं. भरताना खूप रडली. स्क्रीनला म्हणत होती, मेलास तरच सापडशील रे बाळा."

मामानं चष्मा हातात घट्ट धरला होता. तो अगदी लहान मुलासारखा रडायला लागला. मी मामाला मामीच्या वेळीही असं रडताना बघितलं नव्हतं. "मी थांबलो," तो म्हणत होता. "आमच्या आईला वाईट वाटेल म्हणून मी थांबलो. ही इथं बसून वाट बघत होती आणि मी थांबलो."

आई उठली. मला वाटलं ती त्याच्याजवळ जाईल. ती गेली त्या गृहस्थांच्या समोर, खुर्ची ओढून बसली आणि विचारू लागली. ती दिसायला कशी होती? याच्यासारखं नाक होतं का? चहा कसा घ्यायची? रागीट होती की गरीब? भांडायची का तुमच्याशी? मामाला जे विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं, ते सगळं आईनं एकामागून एक विचारलं. ते सांगत गेले. नाक असंच होतं. बाजारात गेली की तासभर यायची नाही, दोन वस्तू हातात घेऊन उभी राहायची. आई एकदम हसली आणि रडायला लागली. मामानं मान वर केली.

"दोन वस्तू?" तो म्हणाला.

"अहो, दुकानदार कंटाळायचे," ते म्हणाले. आणि मग तेही हसले, बहुतेक बऱ्याच दिवसांनी.

चहा गार झाला, आईनं आत जाऊन दुसरा केला. मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला. "आधी तुमचं काम," म्हणाले, आणि मामाच्या चौकटीतलं मृत्यूचं साल पुसून टाकलं. मग खुर्चीवरून उठले. "आता तिचं तुम्ही भरा. माझ्यानं व्हायचं नाही."

मामा बसला. ते तारीख सांगत गेले, मामा एका बोटानं एकेक आकडा दाबत गेला. शेवटचा आकडा दाबायच्या आधी त्यानं विचारलं, "भरू?" ते म्हणाले, "भरा. भाऊ आहात." त्यानं भरला. परक्याला कसं दिसतं ते मी माझ्या फोनवर उघडून दाखवलं. चौकट उघडली होती. आत तिचं नाव आलं, सगळ्या जगाला दिसेल असं.

"बहिणीसाठी मी केलेलं हे पहिलं काम," मामा म्हणाला. "आणि शेवटचंही हेच."

"असं बोलू नये," आई म्हणाली.

उन्हं उतरायला लागली तशी मी किल्ली हातात घेतली. दुसऱ्या दिवशी शाळा होती, चार तासांचा रस्ता होता. मामाही उठला, चपला शोधू लागला.

"तू कुठं निघालास?" आई त्याला म्हणाली.

"घरी."

"इतक्या वर्षांनी बहिणीकडे आलास आणि एका चहावर उठतोस होय? माणसाला काही रीत आहे की नाही?" मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाली, "भाऊजी, याला चार दिवस ठेवून घ्या. दोन उशा लागतात त्याला. बाजारात मात्र पाठवू नका."

भाऊजींनी मामाच्या चपला उचलून आत कपाटाशी नेऊन ठेवल्या.

आम्ही दोघीच निघालो. मला वाटलं, आई आता बडबडणार, मामा राहिला म्हणून कुरकुरणार. शहराच्या बाहेर पडलो आणि ती म्हणाली, "माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी होती गं ती."

"हो."

"म्हणजे मलाही ताई होती," आई म्हणाली, आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली.